तीन माहीत असतील तर चौथे काढता येते

नववीचे वर्ष सुरू झाले की घराघरांतून एक वाक्य ऐकू येऊ लागते. मुलगी वही पुढे करते आणि आई म्हणते, "मला नको विचारू बाई, मला गणितातलं काही कळत नाही." वडील म्हणतात, "क्लास लाव." क्लासची फी कळली की तेही गप्प होतात आणि वही मिटते. एकदा मिटलेली वही मग दहावीच्या सराव परीक्षेलाच उघडते. तोवर त्या लेकराने मनाशी ठरवून टाकलेले असते की गणित आपल्या वाट्याचे नाही. पुढे आयटीआय असो, डिप्लोमा असो, नर्सिंग असो की नोकरीची परीक्षा असो, दारात हेच गणित उभे असते आणि लेकरू उंबऱ्यावरूनच मागे फिरते.

ज्या दोन धड्यांपाशी ही वही बहुधा मिटते, त्यांच्याविषयी आज बोलू. एक गुणोत्तर-प्रमाणाचा आणि दुसरा त्रिकोणमितीचा. २०१७ साली निघालेल्या बालभारतीच्या नववीच्या पुस्तकांत पहिला धडा गणित भाग १ मध्ये, म्हणजे बीजगणितात आहे आणि दुसरा भाग २ मध्ये, म्हणजे भूमितीत. पुस्तके दोन, तास दोन, म्हणून मुलांना वाटते संकटेही दोन. आमचे म्हणणे असे की गोष्ट एकच आहे, आणि तिचा निम्मा भाग त्याच आईला येतो जी म्हणते मला काही कळत नाही.

कसा, ते पाहा. समजा एक माउली घरी बसून शर्टांना काजे-बटणे करते. डझनाला ३० रुपये दर आहे. आठवड्याचे ४२ शर्ट झाले. किती पैसे? ती बोटेसुद्धा मोजणार नाही. "साडेतीन डझन, एकशे पाच," म्हणून मोकळी होईल. हेच तिच्या मुलीच्या पुस्तकात असे छापलेले असते: १२ : ३० = ४२ : क्ष, तर क्ष ची किंमत काढा. (पुस्तकात इंग्रजी एक्स असतो. आम्ही जुन्या सवयीने क्ष लिहितो.) मुलगी तिथे पेन चावत बसते, आणि उत्तर शेजारी स्वयंपाकघरात उभे असते.

चार जागा आहेत, तीन भरलेल्या, एक रिकामी. एवढाच सगळा मामला. जुने लोक याला त्रैराशिक म्हणत. तीन राशी माहीत, चौथी काढायची. आर्यभटाच्या आर्यभटीयात, म्हणजे इ. स. ४९९ च्या सुमाराच्या ग्रंथात, हा नियम दिलेला आहे. तेव्हा ही काही कालपरवाची शाळेची कुरापत नव्हे.

आता मुलीने वहीत काय करायचे? दोन्ही गुणोत्तरे अपूर्णांकांत लिहायची: १२/३० = ४२/क्ष. मग तिरकस गुणाकार. १२ × क्ष = ३० × ४२, म्हणजे १२ क्ष = १२६०, म्हणून क्ष = १०५. हा तिरकस गुणाकार बहुतेक मुले मंत्रासारखी पाठ करतात. का करायचा, असे विचारले तर सांगता येत नाही. कारण फार सोपे आहे. बरोबरचे चिन्ह म्हणजे तराजूची दांडी. दोन्ही पारड्यांना एकाच संख्येने गुणले तर दांडी सरळच राहते. तेव्हा दोन्ही बाजूंना ३० ने गुणा आणि क्ष ने गुणा. डावीकडचा ३० छेदातल्या ३० शी कटतो, उजवीकडचा क्ष छेदातल्या क्ष शी कटतो, आणि उरते ते वरचेच समीकरण. ज्याला हे कारण कळले त्याने मंत्र विसरला तरी बिघडत नाही.

मुले चुकतात ती मांडणीत. घाईघाईत कोणी लिहितो १२/३० = क्ष/४२. इथे पहिल्या बाजूला वर शर्ट आहेत आणि खाली रुपये, दुसऱ्या बाजूला वर रुपये आणि खाली शर्ट. गुणाकार बरोबर केला तरी क्ष येतो १६.८. बेचाळीस शर्टांचे सोळा रुपये ऐंशी पैसे! आई ते पैसे कंत्राटदाराच्या तोंडावर फेकून येईल. पण मुलगा तेच उत्तर वहीत लिहून खाली दोन रेघा मारतो, कारण त्याने शर्टाकडे पाहिलेलेच नसते, आकड्यांकडे पाहिलेले असते. म्हणून वर्ग मोजणाऱ्या तराजूपेक्षाही आपल्या घरातला एक जुना शब्द उपयोगी आहे, तो म्हणजे ताळा. उत्तर आले की ताळा करायचा. ज्या आईला बीजगणित येत नाही तिनेही फक्त एवढे विचारावे: "हे वाढायला हवं होतं की कमी व्हायला हवं होतं?" निम्म्या चुका या एका प्रश्नात पकडल्या जातात.

आणि हा हिशेब काही फक्त मार्कांचा नाही. कंत्राटदार एके दिवशी येऊन सांगतो, "ताई, आता डझनाचा दर बंद. शेकड्याने देऊ, शेकड्याला २४०. तेच पडतं." तेच पडते का? १२/३० = १००/क्ष. क्ष आला २५०. म्हणजे दर शंभर शर्टांमागे दहा रुपये गेले, आणि वर "तेच पडतं" हे ऐकून घ्यावे लागले. दवाखान्यात हीच गोष्ट जिवाशी येते. औषधाच्या ५ मिलीलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम औषध आहे, डॉक्टरांनी १५० मिलिग्रॅम द्यायला सांगितले, तर किती मिलीलिटर भरायचे? २५०/५ = १५०/क्ष, म्हणजे ३ मिलीलिटर. नर्सिंगला जाणाऱ्या आपल्या मुलींना हे उदाहरण रोज सोडवावे लागणार आहे, आणि तिथे खाली दोन रेघा मारून चालत नाही.

पण प्रत्येक ठिकाणी त्रैराशिक लावले तरी फसगत होते. ६ मजूर एक भिंत १० दिवसांत बांधतात, तर ४ मजुरांना किती दिवस? तिरकस गुणाकाराची सवय लागलेला मुलगा ६/१० = ४/क्ष मांडतो आणि पावणेसातच्या आत उत्तर आणतो. माणसे कमी झाली आणि काम लवकर संपले! मुकादमाला विचारा. तो म्हणेल, भिंत साठ हजेऱ्यांची आहे. सहा माणसे दहा दिवस, साठ हजेऱ्या. चार माणसे असतील तर पंधरा दिवस. पुस्तकात याला व्यस्त प्रमाण म्हणतात. तिथे भागाकार कायम नसतो, गुणाकार कायम असतो. ज्या बापाने नाक्यावर उभे राहून आयुष्यभर हजेरी लावली, त्याने हा शब्द ऐकून घाबरायचे कारण नाही. काही गोष्टी तर दोन्हींत बसत नाहीत. रिक्षाचे पहिल्या टप्प्याचे भाडे ठरलेले असते, मग पुढे मीटर चढते. म्हणून दुप्पट अंतराला दुप्पट भाडे होत नाही.

पुढे बीजगणितात जरा गाठी वाढतात. (क्ष + २)/३ = (२क्ष − १)/४. इथेही तराजू तोच. ४(क्ष + २) = ३(२क्ष − १). कंस मात्र सोडायचे नाहीत. बरीच मुले कंस खाऊन ४क्ष + २ = ६क्ष − १ लिहितात आणि दीड उत्तर आणतात. कंस ठेवले तर ४क्ष + ८ = ६क्ष − ३, म्हणजे २क्ष = ११, क्ष = ५.५. ताळा करा: डावीकडे ७.५/३ = २.५, उजवीकडे १०/४ = २.५. जमले. दीड घालून पाहा, दोन्ही बाजू जुळणार नाहीत. आणि एक सावधानता: क्ष/३ + क्ष/४ = ७ असे असेल तर मधल्या अधिकच्या चिन्हावरून तिरकस गुणाकार मारायचा नाही. तिरकस गुणाकार बरोबरच्या चिन्हावरूनच होतो. इथे सगळ्याला १२ ने गुणा: ४क्ष + ३क्ष = ८४, क्ष = १२.

एवढे झाले की दुसरे पुस्तक उघडा. मुले साइन, कॉस, टॅन हे शब्द पाहतात आणि त्यांना वाटते की आता नवीन मुलूख लागला. नवीन काही नाही. सकाळच्या उन्हात एक मीटरची काठी सरळ उभी धरा. समजा तिची सावली ८० सेंटिमीटर, म्हणजे ०.८ मीटर पडली. त्याच वेळी वस्तीतल्या विजेच्या खांबाची सावली मोजली, ती ६ मीटर भरली. खांब किती उंच? १/०.८ = क्ष/६, म्हणजे साडेसात मीटर. खांबावर न चढता उंची निघाली, आणि पुन्हा तीच चार जागा, तीन भरलेल्या. ऊन दोघांवर एकाच तिरकेपणाने पडते, म्हणून लहान त्रिकोण आणि मोठा त्रिकोण एकाच आकाराचे, म्हणजे समरूप आहेत. काठीची उंची भागिले तिची सावली १.२५. खांबाची उंची भागिले त्याची सावली, तेही १.२५. सूर्य त्या वेळी क्षितिजापासून साधारण ५१ अंशांवर आहे. हा जो १.२५ आहे, तोच त्या कोनाचा टॅन.

म्हणजे त्रिकोणमितीचे कोष्टक हे काय आहे? ते दरपत्रक आहे. डझनाला तीस, तसे ५१ अंशांना जवळजवळ सव्वा. काठी असो, खांब असो की गिरणीची चिमणी असो, कोन तोच असेल तर दर तोच. प्रत्येक कोनाचा दर कोणीतरी आधीच काढून ठेवला आहे, आपण फक्त लांबीने गुणायचे. आर्यभटाने असे कोष्टक पावणेचार अंशांच्या टप्प्यांनी, २४ टप्प्यांत दिले होते. तो या लांबीला ज्या म्हणत असे, म्हणजे धनुष्याची दोरी. त्याचेच जीवा झाले, अरबांनी तो शब्द आपल्या लिपीत नेला, तिथून लॅटिनमध्ये जाताना त्याचा अर्थ भलताच लावला गेला आणि साइन होऊन तो आपल्याकडे परत आला. आपलीच दोरी, पण मुलांना परकी वाटते!

आता नावे. काटकोनासमोरची सगळ्यांत लांब बाजू तो कर्ण. ज्या कोनाचे बोलणे चालले आहे त्या कोनाच्या टोकावर आपण उभे आहोत असे समजा. समोर दिसते ती संमुख बाजू, पायाला लागून आहे ती लगतची. साइन म्हणजे संमुख भागिले कर्ण, कॉस म्हणजे लगतची भागिले कर्ण, टॅन म्हणजे संमुख भागिले लगतची. गवंडीदादा पाया आखताना कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट, दुसऱ्या दोरीवर ४ फूट खूण करतात आणि तिरके ५ फूट भरले की कोपरा गुण्यात आहे म्हणतात. त्या त्रिकोणात एका कोनाचा साइन ३/५ आहे. पण दुसऱ्या टोकावर जाऊन उभे राहा, आता समोरची बाजू ४ ची झाली आणि साइन ४/५. बाजू हलली नाही, आपण हललो. हे न समजल्यामुळे जितके मार्क जातात तितके दुसऱ्या कशाने जात नसतील. ताळा इथेही आहे: कर्ण सगळ्यांत मोठा असल्यामुळे साइन किंवा कॉस १ पेक्षा मोठा आला तर डोळे मिटून खोडायचा. टॅनला तो नियम नाही.

पुस्तकात उदाहरण येते: साइन ५/१३ आहे, तर कॉस आणि टॅन काढा. आणि उत्तरात एकदम ५के, १३के असे लिहिलेले दिसते. हा के कुठून टपकला, असे मुले विचारतात. विचारायलाच हवे. साइन ५/१३ म्हटल्याने बाजू ५ आणि १३ च आहेत असे ठरत नाही. त्या १० आणि २६ असतील, ५० आणि १३० असतील. किती पट आहेत ते ठाऊक नाही, म्हणून त्या पटीचे नाव के. कर्णाचा वर्ग १६९ के वर्ग, त्यातून २५ के वर्ग गेला, उरला १४४ के वर्ग, तिसरी बाजू १२के. कॉस १२/१३, टॅन ५/१२. के वर कटला, खाली कटला, निघून गेला.

एक मोठा खड्डा मात्र दाखवून ठेवतो. दर लांबीला लागतो, कोनाला नाही. ३० अंशांचा साइन अर्धा आहे म्हणून ६० चा एक होईल असे धरणारी मुले पुष्कळ. ६० अंशांचा साइन ०.८६६ आहे. टॅनचे तर आणखी विचित्र. ३० अंशांचा टॅन ०.५७७, ६० अंशांचा १.७३२, म्हणजे कोन दुप्पट केला आणि टॅन तिप्पट झाला. कोन आणि टॅन यांच्यात त्रैराशिक लावू नका. हे आकडे घोकायचेही कारण नाही. तिन्ही बाजू २ असलेला त्रिकोण कागदावर काढून मधोमध दुमडा. खालची बाजू १, कर्ण २, उभी बाजू √३. ३० आणि ६० चे सगळे आकडे त्या घडीत आहेत. चौकोनी रुमाल कोपऱ्याला कोपरा लावून दुमडा, ४५ अंश झाले, दोन्ही बाजू सारख्या, म्हणून टॅन १.

मोबाइलवर पाहणाऱ्यांसाठी: कॅल्क्युलेटरवर साइन ३० दाबून उणे ०.९८८ आले तर यंत्र बिघडलेले नसते. ते अंशांत नसून रेडियन या दुसऱ्या मापात मोजत असते. डिग्रीची खूण करा, अर्धा येईल. परीक्षेत तो कॅल्क्युलेटर नसतो हेही लक्षात असू द्या.

या दरपत्रकावर कितीतरी लोकांचे पोट चालते. लेथवर काम करणाऱ्यांना टेपर काढावा लागतो. एका टोकाला ४० मिलिमीटर व्यास, दुसऱ्याला ३०, मधली लांबी ६०. व्यासांतला फरक १०, भागिले लांबीची दुप्पट १२०, म्हणजे टॅन १/१२. कोन पावणेपाच अंशांच्या किंचित वर, तेवढी स्लाइड फिरवायची. आयटीआयमध्ये वर्कशॉप कॅल्क्युलेशन नावाचा विषय असतो तो हाच. आता गंमत बघा. दवाखान्याच्या दारात चाकाच्या खुर्चीसाठी उतार करतात, त्याचा नियम एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबी असा आहे. १/१२. लेथवरचा तो लोखंडाचा तुकडा आणि दवाखान्याचा उतार, दोघांचा कोन एकच निघाला. रंगारी भावांच्या शिडीलाही दर आहे: चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर. टॅन ४, कोन ७६ अंशांच्या जवळ. पाय त्याहून बाहेर गेला तर शिडी घसरायची भीती, आत घेतला तर मागे उलटायची.

हिमालयातल्या सगळ्यांत उंच शिखराची उंची १८५६ साली जाहीर झाली ती २९,००२ फूट. तेव्हा त्यावर कोणी चढले नव्हते. लांबून कोन मोजले, जमिनीवरचे अंतर मोजले आणि बाकी सगळे कागदावर. त्या मोजणीचे मुख्य गणक कलकत्त्याचे राधानाथ सिकदार होते. २०२० साली जाहीर झालेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे, म्हणजे जेमतेम तीस फुटांचा फरक. ही मोजणी १८०२ साली मद्रासकडून सुरू झाली तेव्हाचे कोन मोजायचे यंत्र अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचे होते. ते खांद्यावर घेऊन डोंगर चढणारी माणसे अंगमेहनतीचीच होती.

रविवारी मुलांना घेऊन पाण्याच्या टाकीची उंची काढा. कोनमापकाच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली खडा अडकवा आणि सरळ कडेवरून टाकीच्या टोकाकडे बघत मागे-पुढे सरका. दोरा ४५ वर आला की थांबा. तिथून टाकीच्या बुडापर्यंतचे अंतर मोजा. समजा १८ मीटर भरले. टॅन १, म्हणून डोळ्यांच्या वर टाकी १८ मीटर. पण आपण काही जमिनीवर डोळे ठेवून पाहिले नव्हते. जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची उंची, समजा दीड मीटर, त्यात मिळवा. साडेएकोणीस. हा दीड मीटर परीक्षेत हमखास विसरला जातो.

सोडवायला तीन उदाहरणे देतो, उत्तरे पुढच्या अंकात. आईने, वडिलांनी आणि मुलांनी एकाच चटईवर बसून सोडवावीत.

५ मीटर कापडात ४ फ्रॉक होतात, तर ३० फ्रॉकांना किती कापड लागेल?

१३ फुटांची शिडी आहे, पाय भिंतीपासून ५ फुटांवर आहे. शिडी भिंतीला किती फुटांवर टेकेल, आणि रंगाऱ्याने तिच्यावर चढावे का?

दोरीवर एक साडी वाळायला दोन तास लागतात. दोरी लांब आहे आणि ऊनही भरपूर आहे. पाच साड्या एकदम घातल्या तर किती तास लागतील?